गाडलेल्या ओहोळांची साक्ष

आमच्या विद्यालयाच्या संगणक कक्षात मुले कधी कधी चित्रपटांतील आणि खेळांतील निसर्गदृश्ये पाहत बसतात. दाट अरण्य, धुक्यात बुडालेले डोंगर, खळाळणारी नदी. एकदा नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे जंगल खरे आहे का?" ते संगणकाने तयार केलेले आहे, असे आम्ही सांगितले. त्यावर त्याने दुसरा प्रश्न केला, "मग कोणते झाड कुठे उगवायचे, हे कोणी ठरवले?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले. दुसऱ्याचे देता आले नाही. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हाला तो दुसरा प्रश्न फार ओळखीचा वाटला. भूतकाळाचे कोणतेही चित्र समोर आले की हेच विचारावे लागते. यात काय असावे आणि काय नसावे, हे कोणी ठरवले? कोणत्या आधारावर ठरवले? त्या दिवशी त्या विद्यार्थ्याला जे सांगायचे राहून गेले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे मांडत आहोत.

दोन प्रकारची अरण्ये

संगणकावरील आभासी भूदृश्ये स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात कलावंताच्या डोळ्याला जे शोभेल ते रचले जाते. टेकडीच्या माथ्यावर एकटे झाड सुंदर दिसते, म्हणून ते तेथे असते. त्याच्या मुळांना तेथे पाणी मिळेल काय, माती किती खोल आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. करमणुकीसाठी तेवढे पुरेसे असते.

दुसऱ्या प्रकारात मात्र झाडाला आपली जागा सिद्ध करावी लागते. जमिनीचा चढउतार, खडकाची जात, मातीतील ओल, उताराची दिशा, पर्जन्यमान, समुद्राचे खारे पाणी कोठवर पोचते, वणवे किती वेळा लागतात, ही माहिती आधी गोळा केली जाते. अशा परिस्थितीत कोणत्या वनस्पती एकत्र वाढतात, हे परिसंस्थांच्या प्रत्यक्ष अभ्यासांतून घेतले जाते. मग त्या माहितीच्या आधारे संगणक अरण्य उभे करतो. पहिल्या प्रकारच्या चित्राला आपण एवढेच विचारतो, की ते मनाला पटते काय. दुसऱ्या प्रकारच्या चित्राकडून आपल्याला पुरावा मागता येतो आणि त्याने तो द्यावा लागतो. म्हणून हे काम आम्हाला चित्रकलेपेक्षा इतिहासलेखनाच्या अधिक जवळचे वाटते.

या पद्धतीचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे आहे. त्या शहराच्या मॅनहॅटन या बेटावर आज गगनचुंबी इमारतींची दाटी आहे. चारशे वर्षांपूर्वी तेच बेट कसे होते, याचे भूदृश्य एरिक सँडरसन या परिसंस्थाशास्त्रज्ञाने 'वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन सोसायटी' या संस्थेतील आपल्या सहकाऱ्यांसह तयार केले. काम १९९९ साली सुरू झाले. हेन्री हडसन या दर्यावर्दीचे जहाज सप्टेंबर १६०९ मध्ये तेथे पोचले होते. त्या घटनेला चारशे वर्षे पूर्ण झाली त्या २००९ साली ते ग्रंथरूपाने आणि नकाशांच्या रूपाने लोकांपुढे आले. प्रकल्पाचे नाव 'मॅनाहाटा'. तेथील मूळ रहिवासी लेनापे लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ 'अनेक टेकड्यांचे बेट' असा सांगितला जातो.

हे बेट आपल्याला परके नाही. जुलै १९१३ मध्ये बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी याच बेटावर उतरले आणि १९१६ पर्यंत तेथे राहिले. विद्यापीठ बेटाच्या एका खडकाळ उंचवट्यावर वसले आहे. त्या उंचवट्याची पूर्वेकडील बाजू इतकी उभी होती, की तेथे रस्ते आखणे जमले नाही. म्हणून तो कडा उद्यान म्हणून राखला गेला. कड्याच्या पायथ्याशी हार्लेमचे सखल मैदान पसरले आहे. बाबासाहेब तेथे होते, त्याच वर्षांत कृष्णवर्णीय कुटुंबे त्या मैदानात मोठ्या संख्येने राहायला येत होती. बेटाचा बाकीचा चढउतार एव्हाना शहराने बहुतांशी सपाट करून टाकला होता.

शत्रूने काढलेला नकाशा

जे पुसले गेले ते पुन्हा दाखवायचे तर आरंभ कोठून करायचा? सँडरसन यांना आधार मिळाला तो एका लष्करी नकाशाचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७६ पासून १७८३ पर्यंत न्यूयॉर्क ब्रिटिश फौजेच्या ताब्यात होते. बेटाचे संरक्षण करण्यासाठी त्या फौजेने १७८२ च्या सुमारास एक तपशीलवार नकाशा तयार केला. तो सुमारे १० फूट लांब असून आज लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तोफ कोठे चढवायची, सैन्य कोठून न्यायचे, पाणी कोठे मिळेल, एवढ्याचसाठी तो काढला होता. परंतु त्यामुळेच त्यात प्रत्येक टेकडी, ओहोळ, दलदल आणि किनारा काळजीपूर्वक नोंदला गेला. सत्ताधाऱ्याने आपल्या सोयीसाठी केलेली नोंद पुढे वेगळ्याच सत्याची साक्ष देते, हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला नेहमी येणारा अनुभव आहे.

मग हा नकाशा आजच्या शहरावर बसवण्याचे काम झाले. दोन्हींत सापडणाऱ्या खुणा शोधल्या गेल्या. १७६६ साली बांधलेले सेंट पॉल चॅपेल आजही जागेवर आहे. ब्रॉडवेसारखे जुने रस्ते अजून वाहते आहेत. अशा अनेक खुणा एकमेकींशी जुळवल्या, की जुन्या नकाशावरील कोणताही बिंदू आजच्या शहरात कोठे पडतो, हे सांगता येते. ही जुळणी शहराच्या साधारण अर्ध्या ब्लॉकइतक्या फरकाने बरोबर येते, असे आढळले. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी, उपग्रहाशिवाय, युद्धाच्या धामधुमीत काढलेल्या नकाशाची ही अचूकता थक्क करणारी आहे.

त्यानंतर संगणकावर शहर काढून टाकण्यात आले. इमारती, रस्ते आणि समुद्रात भर घालून वाढवलेली जमीन वजा केली. नकाशातील उताराच्या रेषांवरून टेकड्यांच्या उंचीचा अंदाज बांधला. १८६५ साली एग्बर्ट व्हीले या अभियंत्याने बेटावरील मूळ जलप्रवाहांचा एक नकाशा प्रसिद्ध केला होता. बुजवलेल्या ओहोळांच्या ओलीमुळे रोगराई पसरते, असे त्याचे मत होते. तो नकाशाही येथे उपयोगी पडला. आजही न्यूयॉर्कमध्ये पाया खोदण्यापूर्वी अभियंते तो पाहतात, कारण वरून बुजवलेले पाणी खालून वाहणे थांबवत नाही. अशा रीतीने बेटाचे मूळ रूप पुन्हा आकाराला आले. त्यावर ५७० हून अधिक टेकड्या होत्या आणि सुमारे ६६ मैल लांबीचे ओहोळ होते.

झाडे कोठून आणायची?

आता खरी अडचण पुढे आली. नकाशात टेकड्या होत्या, पण अरण्य नव्हते. युद्धकाळात फौजेने आणि नागरिकांनी सरपणासाठी बेटावरील झाडे तोडून नेली होती. त्याआधीची दीडशे वर्षे वसाहतकारांनी शेतीसाठी रान साफ केले होते. म्हणजे १६०९ मधील झाडांचा थेट पुरावा नकाशात मिळणार नव्हता.

येथे परिसंस्थाशास्त्र मदतीला येते. झाड आपल्या मर्जीने कोठेही उगवत नाही. कोरड्या, खडकाळ चढावर ओक आणि हिकरीची झाडे तग धरतात. पाणी साचणाऱ्या सखल जागेत लाल मेपलची दलदल तयार होते. जेथे भरतीचे खारे पाणी रोज दोनदा येते, तेथे मोठे झाड वाढत नाही. खारे पाणी सोसणारे गवतच टिकते. म्हणून जागेची परिस्थिती कळली, तर तेथे कोणता वनस्पती-समूह असण्याचा संभव आहे, हे सांगता येते. या प्रकल्पात असे ५५ प्रकारचे समूह ठरवण्यात आले. एवढ्याशा बेटावर ५५ प्रकार, ही समृद्धी असाधारण होती.

संगणक हे काम कसे करतो, ते सोप्या शब्दांत असे सांगता येईल. सारी भूमी लहान लहान चौकटींत विभागली जाते. प्रत्येक चौकटीची उंची, उतार, माती, ओल, ऊन यांची नोंद असते. या नोंदीवरून चौकटीला एक वनस्पती-समूह मिळतो. त्या समूहात कोणती झाडे किती प्रमाणात, किती दाटीने आणि किती उंचीची असतात, याची यादी असते. त्या प्रमाणाला धरून संगणक झाडे पेरतो. नेमके हेच झाड नेमके याच ठिकाणी होते, असा दावा त्यात नसतो. दावा एवढाच असतो, की या उतारावर या जातीची झाडे साधारण एवढ्या प्रमाणात होती. जनगणनेवरून एखाद्या गावाचे चित्र उभे करावे, तसे हे आहे. कोणत्या घरात कोण बसले होते हे ठाऊक नसले, तरी गावात किती शेतकरी, किती विणकर आणि किती मुले होती, हे सांगता येते.

या कामात एक धोका असतो आणि तो लक्षात घेण्यासारखा आहे. जुन्या अरण्याचे अनुमान करण्यासाठी आजची अरणे पाहिली जातात. पण आजचे अरण्य कालच्या अरण्यासारखेच असेल, असे कोणी सांगितले? अमेरिकेच्या पूर्व भागात एके काळी चेस्टनट हे प्रमुख झाड होते. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात त्या झाडांवर बाहेरून आलेली एक बुरशी प्रथम आढळली. पुढील पन्नास वर्षांत तिने अब्जावधी झाडे मारली. आज त्या रानात हिंडणाऱ्याला उंच वाढलेले चेस्टनट जवळजवळ दिसतच नाही. जो केवळ आजची गणती करील, तो त्या झाडाला इतिहासातूनही वगळील. त्यासाठी जुनी वर्णने, लाकडाच्या नोंदी, तळ्यांच्या तळाच्या गाळात साठलेले परागकण, हे सारे पाहावे लागते. एकदा जे नष्ट केले गेले ते आज दिसत नाही, म्हणून ते कधी नव्हतेच असे मानण्याची चूक केवळ वनस्पतींच्या बाबतीत होत नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

हे असेल तेथे ते असेल

झाडांनंतर प्राणी. त्यासाठी सँडरसन यांनी एक जाळे तयार केले आणि जॉन म्यूर या निसर्ग-अभ्यासकाच्या नावावरून त्याला नाव दिले. प्रत्येक जीवाच्या गरजांची यादी करायची. अन्न कोणते, पाणी कोणते, आसरा कोठे, पिलांसाठी जागा कशी हवी? मग त्या गरजा ज्या जीवांमुळे किंवा ज्या परिस्थितीमुळे भागतात, त्यांच्याशी त्याला रेषेने जोडायचे.

बीव्हर या प्राण्याचे उदाहरण घेऊ. हा आपल्याकडे न आढळणारा, पाण्याकाठी राहणारा, घुशीसारख्या पुढच्या दातांचा मोठा प्राणी. त्याला संथ वाहणारा ओहोळ लागतो आणि काठाला मऊ लाकडाची झाडे लागतात. ती झाडे कुरतडून पाडून तो ओहोळावर बांध घालतो. बांधामुळे तळे होते. तळ्यात मासे, बेडूक आणि पाणपक्षी येतात. बीव्हर निघून गेला, की बांध फुटतो, तळे आटते आणि तेथे गवताचे कुरण होते. कुरणावर हरणे चरतात. म्हणजे बीव्हर अनेकांवर अवलंबून आहे आणि अनेक जण बीव्हरवर. आज जेथे टाइम्स स्क्वेअरचा दिव्यांचा झगमगाट आहे, तेथे या प्रकल्पानुसार लाल मेपलची दलदल आणि बीव्हरचे तळे होते.

हे जाळे पाहताना आम्हाला तथागतांच्या प्रतीत्यसमुत्पादाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. कोणतीही वस्तू स्वतंत्रपणे, स्वयंभूपणे उभी नसते. ती कारणांच्या आणि परिस्थितीच्या आधाराने उत्पन्न होते आणि तो आधार सुटला की ती निरुद्ध होते. बुद्धाने हे मुख्यतः दुःखाच्या संदर्भात सांगितले, ओहोळांच्या संदर्भात नव्हे. तेव्हा आधुनिक शास्त्र आमच्या ग्रंथांत आधीच होते, असला पोकळ दावा आम्ही करणार नाही. परंतु कारण शोधल्याशिवाय कार्य मान्य करायचे नाही, ही शिस्त दोन्हीकडे एकच आहे. ज्याला ही शिस्त लागली, त्याला 'हे पूर्वापार असेच आहे' या उत्तराने समाधान होत नाही.

निर्मनुष्य अरण्याची कथा

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. या आभासी भूदृश्यात माणसाला जागा आहे काय? युरोपीय वसाहतकारांनी आपण आलो ती भूमी निर्जन, अस्पर्श होती, असे वारंवार लिहिले. जमीन कोणाचीच नव्हती असे ठरले, की ती घेण्यात अन्याय उरत नाही. या प्रकल्पाने ती कथा स्वीकारली नाही. लेनापे लोक तेथे मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत, मासेमारी आणि शिकार करीत आणि रानाला योजून आग लावीत. त्या आगींमुळे कोठे झुडपे कमी झाली, कोठे कुरणे टिकली, याचा हिशेब केल्याशिवाय अरण्याचे गणित सुटत नव्हते. म्हणून त्या जाळ्यात माणूसही एक जीव म्हणून जोडला गेला. मॅनाहाटाचे अरण्य काही अंशी लेनापे लोकांनी घडवलेले होते. पुढे त्यांना तेथून पश्चिमेकडे ढकलत नेण्यात आले. आज त्यांचे वंशज प्रामुख्याने ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातील ओंटारिओ येथे आहेत.

याउलट, त्याच बेटावरील सेंट्रल पार्क पाहावे. तेथील हिरवळ, तळी आणि वळणदार वाटा पाहून शहराने निसर्गाचा एक तुकडा जपून ठेवला आहे, असे पाहुण्याला वाटते. वस्तुतः ते उद्यान १८५८ मध्ये निवडलेल्या आराखड्यानुसार सुरुंग लावून, माती टाकून आणि लाखो झाडे लावून बनवलेले आहे. तेथील तळी माणसाने खोदलेली आहेत. आणि त्या जागेवर त्याआधी वस्ती होती. १८२५ पासून मुक्त कृष्णवर्णीय कुटुंबांनी तेथे जमिनीचे तुकडे विकत घेऊन सेनेका व्हिलेज नावाची वस्ती उभारली होती. १८५५ च्या गणनेनुसार तेथे सुमारे २२५ लोक राहत. तीन चर्चे होती, शाळा होती. त्या काळी न्यूयॉर्क राज्यात कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता असावी लागे. म्हणून जमिनीचा तो तुकडा म्हणजे नागरिकत्वाची किल्ली होती. १८५७ पर्यंत सारी वस्ती हटवण्यात आली आणि पुढे शतकाहून अधिक काळ शहराला तिचा विसर पडला. २०११ मध्ये तेथे उत्खनन झाले, तेव्हा घरगुती वापराच्या वस्तू मिळाल्या आणि त्यांत एका लहान मुलाच्या बुटाचा चामडी तळही होता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. हाताने स्पर्श करता येतो म्हणून भूदृश्य सत्य ठरत नाही आणि संगणकात आहे म्हणून ते असत्य ठरत नाही. सेंट्रल पार्कमधील झाडे खरी आहेत, परंतु ती जी गोष्ट सांगतात तीत माणसे गाळलेली आहेत. मॅनाहाटामधील एकही पान खरे नाही, परंतु त्याने आपला पुरावा उघड ठेवला आहे.

बाबासाहेबांची कसोटी

या पद्धतीबद्दल कोणी शंका घेईल. पुरावा तुटक असताना चित्र पूर्ण करणे म्हणजे कल्पनाविलासच नव्हे काय? या शंकेचे उत्तर आम्हाला बाबासाहेबांच्या लेखनात मिळाले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'दि अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या संशोधनपद्धतीचे समर्थन केले आहे. अस्पृश्यतेच्या उगमाविषयी थेट सांगणारे ग्रंथ उपलब्ध नाहीत. मग अभ्यासकाने हात बांधून बसावे काय? बाबासाहेबांचे म्हणणे असे, की भूतकाळाचे जे अवशेष उरले असतील ते गोळा करावेत, एकत्र मांडावेत आणि त्यांना बोलते करावे. यासाठी त्यांनी भग्न दगडांवरून नगर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाचा आणि विखुरलेल्या हाडांवरून लुप्त प्राण्याची कल्पना करणाऱ्या शास्त्रज्ञाचा दाखला दिला. तिसरा दाखला चित्रकाराचा आहे, जो क्षितिजाच्या रेषा आणि टेकडीच्या उतारावरील लहानात लहान खुणा वाचून संपूर्ण दृश्य रचतो. हा तिसरा दाखला वाचून आम्ही क्षणभर थांबलो. संगणक नसलेल्या काळात बाबासाहेबांनी आपल्या कार्याची तुलना भूदृश्याच्या पुनर्रचनेशी केली होती.

परंतु याच प्रस्तावनेत त्यांनी गटेचा आधार घेऊन इतिहासकाराचे कर्तव्यही सांगितले आहे. खरे आणि खोटे, निश्चित आणि अनिश्चित, संशयास्पद आणि सर्वथा अग्राह्य, यांची निवड त्याने करावी. ही कसोटी आभासी भूदृश्यालाही लावली पाहिजे. टेकडीची जागा नकाशावरून कळते, म्हणून ती बरीचशी निश्चित. उतारावरील ओकचे प्रमाण अनुमानाने कळते, म्हणून ते संभाव्य. एखाद्या विशिष्ट झाडाची जागा केवळ पेरणीने ठरते, म्हणून ती कोणीही खरी मानू नये. चित्रात मात्र हे तिन्ही सारख्याच तेजाने चमकतात. त्याचे देखणेपण हाच त्याचा सर्वांत मोठा धोका आहे. म्हणून चित्रासोबत पुराव्याची प्रत सांगणे ही शास्त्रज्ञाची नैतिक जबाबदारी ठरते आणि ती विचारणे ही आपली.

पाणी विसरत नाही

या साऱ्याचा व्यवहारात उपयोग काय, असे पालक विचारतील. त्याच बेटाच्या दक्षिण भागात एके काळी गोड्या पाण्याचा मोठा तलाव होता. शहर त्याचे पाणी पीत असे. पुढे चामडी कमावण्याच्या आणि दारू गाळण्याच्या कारखान्यांनी तो नासवला आणि १८१० च्या आसपासच्या वर्षांत तो बुजवण्यात आला. भरावाची जमीन खचू लागली, घरे कलू लागली, तेव्हा सुस्थितीतील लोक निघून गेले. मग तेथे गरीब स्थलांतरित आणि मुक्त झालेले कृष्णवर्णीय राहू लागले. ती वस्ती पुढे शहरातील सर्वांत कुप्रसिद्ध झोपडवस्ती म्हणून ओळखली गेली. त्या तलावाशेजारीच, तत्कालीन शहराच्या वेशीबाहेर, गुलामगिरीतील आफ्रिकी लोकांचे दफनस्थान होते. भराव टाकताना तेही गाडले गेले. १९९१ साली एका सरकारी इमारतीचा पाया खोदताना ते पुन्हा उजेडात आले. तेथे १५,००० हून अधिक लोक पुरले गेले असावेत, असा अंदाज आहे. त्यांतील ४१९ जणांचे अवशेष २००३ मध्ये सन्मानाने पुन्हा दफन करण्यात आले.

वेशीबाहेर कोणाला ठेवले जाते आणि सखल, ओलसर जमीन कोणाच्या वाट्याला येते, हे समजण्यासाठी आपल्या आजी-आजोबांना नकाशाची गरज नव्हती.

हा केवळ जुना इतिहास नाही. मॅनाहाटानंतर सँडरसन यांनी हेच काम न्यूयॉर्कच्या इतर भागांपर्यंत वाढवले. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या अवशेषांनी शहरावर एका तासात ३ इंचांहून अधिक पाऊस पाडला. शहरात १३ माणसे मरण पावली आणि त्यांतील ११ जण तळघरांतील घरांत अडकलेले होते. त्यांत स्थलांतरित कष्टकरी कुटुंबे होती. ज्या जागा बुडाल्या त्यांतील अनेक पूर्वी ओहोळांच्या आणि दलदलीच्या होत्या, हे सँडरसन यांनी त्यानंतर लोकांच्या निदर्शनास आणले. कागदावर पुसलेला ओहोळ जमिनीत कायम असतो. तो परत येतो, तेव्हा सर्वांत स्वस्त भाड्याच्या घरात आधी शिरतो. म्हणून गाडलेल्या पाण्याचा नकाशा हा सामाजिक न्यायाचाही दस्तऐवज आहे.

आपल्या परिसरासाठी

आता थोडे आपल्या अंगणाविषयी. आमच्या विद्यालयाच्या मागील बाजूस आज जो कोरडा चर दिसतो, त्यावर पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी कपडे धूत असत, असे माजी विद्यार्थी भेटले म्हणजे सांगतात. कोणी म्हणतो, त्याला मार्चपर्यंत पाणी असे. कोणी म्हणतो, काठाला उंबर होता आणि त्यावर हरियल येत. आजच्या मुलांना यांतले काहीच ठाऊक नाही. शासनाच्या कोणत्या कागदात ते सापडेल, असेही वाटत नाही.

आम्ही आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसह या परिसराचा चाळीस वर्षांपूर्वीचा नकाशा तयार करण्याचे योजले आहे. त्यासाठी महागडी यंत्रे लागणार नाहीत. आरंभी एक मोठा कागद आणि आपल्या आठवणी पुरेशा आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या संग्रहातील जुनी छायाचित्रे द्यावीत; सहलीच्या फोटोत आपले चेहरे असतील, पण मागे एखादी टेकडी आणि एखादे झाडही असेल. परिसरातील ज्या माता-भगिनींनी सरपण, चारा आणि रानभाज्या यांसाठी हा माळ पायाखाली घातला, त्यांना कोणती वनस्पती कोणत्या महिन्यात कोठे उगवत असे हे मुखोद्गत आहे. त्यांनी अवश्य येऊन मुलांना सांगावे. त्यांचे ज्ञान आजवर कोणी लिहून घेतले नाही, म्हणून ते पुरावा नव्हे, असे आम्ही मानत नाही.

एकच नियम पाळायचा आहे. प्रत्येक नोंदीपुढे विद्यार्थी तीनपैकी एक शब्द लिहितील. स्वतः पाहिले असेल तर 'पाहिले', दुसऱ्याकडून कळले असेल तर 'ऐकले' आणि परिस्थितीवरून ठरवले असेल तर 'अनुमान'. उंबराचे झाड कोठे होते, हे कोणी ठरवले, असे उद्या एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला नकाशावर बोट ठेवून उत्तर देता आले पाहिजे.

जय भीम!